सुटलेल्या प्याद्याची ताकद



वजीर मेला की आमची पोरे पट उधळतात. ‘आता काय उरले, चार प्यादीच तर आहेत,’ म्हणतात आणि उठतात. इथे उमरेडला खाणीच्या ड्युटीवरून आलेला बाप लेकीसमोर पट मांडून बसतो, तिथेही हाच प्रकार. बापही म्हणतो, जाऊ दे, नवा डाव मांड. आमचे म्हणणे असे की उठण्याआधी त्या चार प्याद्यांकडे एकदा नीट पाहा. त्यांतले एखादे सुटलेले असेल तर डाव संपलेला नाही.

सुटलेले म्हणजे काय? ज्या प्याद्याच्या पुढे, त्याच्या स्वतःच्या उभ्या ओळीत आणि डाव्या-उजव्या शेजारच्या ओळींत, समोरच्याचे एकही प्यादे राहिलेले नाही ते. त्याच्या वाटेत आडवे उभे राहणारे प्यादे नाही, तिरपे मारणारेही नाही. आता त्याला रोखायचे तर समोरच्याला मोठा मोहरा पाठवावा लागतो. हत्ती जर एका प्याद्याच्या पहाऱ्यावर बसला, तर त्याची बाकीची कामे थांबली. प्यादे जागचे न हलताही समोरच्याची अर्धी फौज बांधून ठेवते, ही खरी गंमत. निम्झोविच या उस्तादाने १९२५ च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात अशा प्याद्यांवर स्वतंत्र विचार केला आहे. पहाऱ्याला घोडा चांगला, असे त्याचे मत. घोडा समोर ठाण मांडून बसला तरी त्याच्या उड्या चालूच राहतात.

आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. शेवटच्या ओळीत पोचल्यावर ते ज्या मोहऱ्याच्या घरी गेले तोच मोहरा बने. हत्तीच्या घरी गेले तर हत्ती, घोड्याच्या घरी गेले तर घोडा. आजच्या खेळात राजा सोडून हवे ते होता येते. बहुतेक जण वजीरच मागतात. पण नेहमी वजीरच मागावा असे नाही, आणि त्याचा पुरावा एका साप्ताहिकाच्याच पानावर सापडला होता.

१८९५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए नावाचे गृहस्थ बुद्धिबळाचे सदर चालवीत. त्यांनी एक कोडे छापले. पट मांडा. उभ्या ओळी डावीकडून आणि आडव्या ओळी खालून मोजा. पांढरा राजा दुसऱ्या उभ्या ओळीत, खालून सहाव्या घरात. त्याच्या उजवीला लागून पांढरे प्यादे. काळा राजा खाली डाव्या कोपऱ्यात. काळा हत्ती चौथ्या उभ्या ओळीत, पाचव्या घरात. चाल पांढऱ्याची. प्यादे वजीर होणार हे दिसतेच, पण काळा बरोबरी साधतो, असे बार्बिए यांचे उत्तर होते.

प्यादे एक घर पुढे जाते. हत्ती एक घर वर सरकून राजाला शह देतो. राजा एक घर खाली. हत्ती मागोमाग खाली, पुन्हा शह. असे करत राजा आपल्या ओळीने तिसऱ्या घरापर्यंत उतरतो आणि मग तिरपा उजवीकडे, तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात येतो. आता शह संपले. हत्ती मात्र एक घर वर जाऊन डाव टाकतो. प्यादे वजीर झाले की तो त्याच वजिराच्या ओळीत शिरून शह देणार. वजिराने हत्ती मारला की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत.

फर्नांडो साव्हेद्रा नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू तेव्हा त्याच शहरात होता. मोठा खेळाडू म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याने सांगितले, वजीर नको, हत्ती मागा! पटावर करून पाहा. नवा हत्ती डावीकडच्या पहिल्या उभ्या ओळीत येऊन मात करू पाहतो. काळ्याला आपला हत्ती त्या ओळीच्या चौथ्या घरात आडवा घालावाच लागतो. मग पांढरा राजा तिरपा वर चढून त्या हत्तीला भिडतो आणि त्याच वेळी खालच्या ओळीत मातेचा धाकही उभा राहतो. दोन्ही वाचवता येत नाहीत. या एका चालीवर त्या माणसाचे नाव आजही टिकून आहे.

प्याद्यांची फळी काय करते हे पाहायचे तर १८३४ च्या लंडनमधील मॅकडोनेल आणि ला बुर्दोने यांचा डाव मिळवून खेळा. शेवटी काळ्याची तीन प्यादी शेवटून दुसऱ्या ओळीत खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि वजीर शाबूत असलेल्या पांढऱ्याने हार मानली. काळ्याच्या बाजूला ला बुर्दोने होता.

घरी मुलांना एक मोजणी शिकवा. एकट्या प्याद्याचा समोरच्या राजाने पाठलाग केला तर पकडेल का? प्याद्याचे घर धरून शेवटच्या घरापर्यंत किती घरे ती मोजा. चार असतील तर राजाच्या बाजूला चार बाय चारचा चौकोन मनात आखा. राजाची चाल असताना तो त्यात पाऊल टाकू शकला तर पकडेल. नाही तर वजीर झालाच म्हणा.

जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि वयाच्या १९ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. त्या बातमीने ज्या घरी माळ्यावरचा पट खाली निघाला असेल, त्यांच्यासाठी हे कोडे. पांढरी प्यादी डावीकडच्या पहिल्या तीन उभ्या ओळींत, पाचव्या घरात. काळी प्यादी त्याच ओळींत, सातव्या घरात. राजे दूर उजवीकडे खाली. चाल पांढऱ्याची. एकही प्यादे सुटलेले नाही, पण एक सोडवता येते. मधले प्यादे आधी मरायला पुढे करा, आणि ते काळ्याने कोणत्या बाजूने मारले ते पाहून पुढची चाल ठरवा.