कोणाकडून

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कारखानदाराची सेक्रेटरी होते. दुपारपर्यंत पत्रव्यवहार, नंतर साहेबांच्या संग्रहाची नोंदवही: समया, अडकित्ते, पेटारे. उंची, वजन, किंमत. 'कोणाकडून' हा रकाना मी आपणहून आखला. साहेबांनी तो काढायला लावला. "दलालाचं नाव पुरे."

एका समईबरोबर साताऱ्याकडच्या एका बाईंची चिठ्ठी आली होती. समई सासूबाईंची आहे, कुठे मांडलीत तर त्यांचं नाव लावा, एवढंच. चिठ्ठी मी फाईलीत लावली आणि वहीत लिहिलं, 'पितळ, महाराष्ट्र'. पगार चांगला होता.

संग्राहकांनी जपलं म्हणून टिकलं, हे मला सतत ऐकवलं जाई. खरंही आहे; समई मोडीत गेली असती. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही घरोघरी फिरून अशाच वस्तू जमवल्या. पण १९७५ साली त्यांनी संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. तिकीट काढून कुणीही तो बघतं. आमच्याकडे दिवे लागायचे ते पाहुणे आले की. १९७२चा पुरावशेष कायदा ठरावीक जुन्या वस्तूंच्या मालकाची नोंद मागतो. आधीच्या घराची आठवण तो कशाला मागेल? ते वही लिहिणाऱ्याचं काम होतं, माझं.

धनिकांच्या 'अभिरुची'चं कौतुक करणाऱ्यांनी हे खोडणंही त्यात धरावं. सासूबाईंच्या नावाची पट्टी करायला असा किती खर्च आला असता? साहेबांचं नाव दारावरच होतं.

चिठ्ठीतलं नाव मला पाठ आहे. इथे छापायचं तर त्या बाईंना विचारायला हवं, आणि पत्ता त्या फाईलीत राहिला.