सातबाऱ्यावर न चढलेली माणसं

भाताची झोडणी उरकली, वाल टाकून झाले, की पनवेल-उरणकडच्या शेतकऱ्याला संध्याकाळची थोडी उसंत मिळते. या दिवसांत एकदा गावच्या वाचनालयात फेरी मारावी. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, डॉ. आंबेडकर यांची चरित्रं कपाटात असतातच आणि ती असलीच पाहिजेत. पण आपल्याच मातीत, आपल्याच प्रश्नांवर झगडलेल्या माणसांची पुस्तकं मागून पाहा. पुष्कळ ठिकाणी ती नसतात, आणि असली तरी वर्षानुवर्षं कुणी नेलेली नसतात.

शेतकरी विचारतील, पुस्तक वाचून भात पिकतो का? पिकत नाही, हे खरं. पण जमीन हातात कशी येते, कशी टिकते आणि कशी जाते, हे ज्यांनी भोगलं त्यांनीच लिहून ठेवलं असेल, तर ते वाचण्यात आपला फायदाच आहे.

पहिलं नाव अलिबागच्या नारायण नागू पाटील यांचं. 'कथा एका संघर्षाची' हे त्यांचं आत्मचरित्र. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावच्या सभेत कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. २५ गावं या संपात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतात नांगर नाही! माणसं रानातली लाकडं तोडून, खाडीची मासळी विकून जगली, पण फुटली नाहीत. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला. आज तलाठी कार्यालयात '३२ ग' आणि '३२ म' हे शब्द आपण सहज उच्चारतो. त्या एका ओळीच्या फेरफारामागे किती घरांची उपासमार आहे, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

दुसरं पुस्तक गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण गावात ते फारसं पोचलं नाही. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरातल्या, तलासरी-डहाणूच्या वारल्यांची ही हकीकत. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या दारी राबायचे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये वारली उठले. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, एवढी साधी त्यांची मागणी. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती गेले. मजुरीचे दर ठरवणाऱ्या प्रत्येकानं, मग तो बागायतदार असो की रोजगार हमीचा कर्मचारी, हे पुस्तक वाचावं.

त्याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी आयुष्य घालवलं. 'कोसबाडच्या टेकडीवरून' मध्ये त्यांचे अनुभव आहेत. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली ही बाई ताराबाई मोडकांबरोबर काम करत राहिली. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच गुरांमागे नेली, तिला नाव दिलं कुरणशाळा. सरपंच आणि अंगणवाडीताईंनी आवर्जून वाचावं असं हे पुस्तक आहे.

चौथं चरित्र शेतीशास्त्रज्ञाचं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' बऱ्याच घरांत आहे. त्यांनीच लिहिलेलं डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं चरित्र मात्र कमी जणांना ठाऊक. वर्ध्याकडचा हा माणूस गदर चळवळीतला क्रांतिकारक. देशात परतता येईना, तेव्हा मेक्सिकोत गेला, तिथल्या चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवू लागला, मक्यावर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. आमचं खातं ज्याला विस्तारकार्य म्हणतं, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी परमुलखात करून दाखवलं.

आता आपल्या घरात पाहू. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची शेतं, मिठागरं नवी मुंबईसाठी गेली. जानेवारी १९८४ च्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. हे सगळं कागदोपत्री सापडतं. पण मोबदल्याचे पैसे हातात आल्यावर घरात काय झालं? ते किती दिवस पुरले? बहिणींनी हक्कसोड कशी दिली? भूखंड कुणी राखला आणि कुणी ताबा मिळायच्या आधीच विकून टाकला? हे सांगणारी माणसं हयात आहेत, पण १९७० मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे.

आणि ही काही संपलेली गोष्ट नाही. २०१३ मध्ये 'नैना' क्षेत्र जाहीर झालं. जमीन द्यायची का, कोणत्या अटीवर द्यायची, हा सवाल पनवेल-पेण-उरणच्या घराघरांत आजही आहे. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी अंगठा उठवला त्यांचा अनुभव हाताशी नसेल, तर आपल्याला दलालाच्याच शहाणपणावर चालावं लागेल.

म्हणून दोन कामं सुचवतो. अनुदानित सार्वजनिक वाचनालयांनी पुढच्या खरेदीच्या यादीत ही पुस्तकं घालावीत. वाचनालय नसेल तर ग्रामपंचायतीनं एकेक प्रत आणावी आणि देवळात वा समाजमंदिरात कुणी चांगल्या वाचणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवावीत.

दुसरं, प्रत्येक गावानं दोनशे पानी वही घालावी. दहावी-बारावीच्या मुलांनी म्हाताऱ्या माणसांकडे बसून लिहून घ्यावं: कोणत्या खाचराला काय नाव होतं, भाताच्या कोणत्या जाती लावत, खारबांध कोण बांधी, नोटीस कधी आली, पैसे कसे मिळाले, कुठे गेले. आजीला विसरू नका, कारण घरखर्चाचा खरा हिशोब तिच्याच डोक्यात असतो. भाषा आगरी-कोळी बोलीतलीच राहू द्या, शुद्ध करायच्या फंदात पडू नका. सांगणाऱ्याचं नाव घालायचं का, हे त्याला विचारून ठरवा.

बी-बियाणं आपण पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतो. अनुभवही तसाच राखावा लागतो. या हंगामात वही घाला.