पोटातली कळ आणि फळीवरची गोळी



पोटात कळ आली की फळीवरच्या डब्यातून गोळी काढायची, घोटभर पाण्याबरोबर गिळायची आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसायचं, असं बहुतेक घरांत चालतं. पाळीच्या दिवसांत तर ती शेजारणीकडूनही मागून आणतात. म्हणून आज तिच्याविषयीच बोलू या.

‘मेफ्टाल-स्पास’ या नावाने सर्वांना ठाऊक असलेली गोळी म्हणजे दोन औषधांची जोडी आहे. मेफेनॅमिक ॲसिड दुखणे कमी करते आणि डायसायक्लोमिन आखडलेल्या स्नायूंचा पेटका सैल करते. डॉक्टरांनी तपासून दिली, तर गोळी गुणकारी आहे, यात शंका नाही.

पण डायसायक्लोमिनचा एक गुण धोतऱ्याच्या वळणाचा आहे. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, तो बरळू लागतो. गोळीत हे सारे सौम्य असते. तरी तोंडाला कोरड, अंधूक दिसणे, गुंगी आणि बद्धकोष्ठ हे त्रास होऊ शकतात. शिवाय घामही कमी येतो.

घामाची गोष्ट आपल्या सोलापुरात क्षुल्लक नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं. त्याला बाहेरून रंग फासला तर राहील का? आपल्या अंगाचंही तसंच आहे. गोळी घेऊन पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक केला किंवा यंत्रमागावर दिवसभर उभं राहिलं, तर उष्माघाताचा धोका वाढतो. उन्हाळ्यात ही गोळी घ्यावीच लागली, तर सावलीत राहा आणि पाणी पीत राहा.

आता ही गोळी कोणाला देऊ नये, ते पाहू. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायसायक्लोमिन मुळीच नको. तान्ह्या बाळांचा श्वास अडखळल्याचे प्रकार घडलेले आहेत. पोटदुखीच्या काही थेंबांतही ते असते, तेव्हा बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय थेंब पाजू नका. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ते घेऊ नये. सासूबाईंना काचबिंदू असेल किंवा मामंजींना लघवी अडकण्याचा त्रास असेल, तर तुमची गोळी त्यांना देऊ नका. गरोदरपण, पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल, तर मेफेनॅमिक ॲसिडही डॉक्टरांना विचारल्यावाचून नको.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली. क्वचित कुणाला या औषधाने तीव्र ॲलर्जी होते. ताप येतो, अंगावर पुरळ उठते, गाठी सुजतात, यकृतासारख्या आतल्या अवयवांनाही इजा होऊ शकते. हे सारे गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसू शकते, त्यामुळे गोळीवर संशयच जात नाही. असं काही दिसलं, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाळीच्या दुखण्यावर गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट शेकणे हा साधा आणि चांगला उपाय आहे. पण दर महिन्याला दुखणे वाढत असेल, तर गर्भाशयात गाठ आहे का, हे तपासून घ्या. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात जोराची कळ आली, किंवा उजव्या बाजूला दुखून ताप-उलटी झाली, तर गोळीने वेळ मारून नेऊ नका. गर्भनलिकेतला गर्भ किंवा सुजलेले अपेंडिक्स वाट पाहत नाही. खर्चाची धास्ती वाटत असेल, तर आपले सिव्हिल हॉस्पिटल आहेच. तिथे स्त्रीरोग विभाग आहे.

आज दुपारी काम आवरल्यावर औषधांचा डबा उघडा. प्रत्येक पाकिटावर ते कोणासाठी आणले आणि केव्हा, हे लिहून ठेवा. मुदत संपलेली औषधे काढून टाका. डबा मात्र मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच फळीवर ठेवा.