न गाजलेल्या गाण्यांची बाजू

जे गाणे गाजले नाही ते गाजण्याच्या योग्यतेचेच नव्हते, हे मत इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला पुरावा लागतो याचाही विसर पडतो. गोंदिया जिल्ह्यातील सौंदड ज्या झाडीपट्टीत येते त्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या धानाच्या आणि जंगलाच्या मुलुखातील नाट्यगीते व दंडारीची गाणी उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक नाहीत, याचे कारणही याच मताच्या आधारे त्या गाण्यांच्या सामान्यतेत शोधले जाते.

हे मत अन्यत्रही खोटे ठरले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भजनाचा आवेग आणि लौकिक प्रेमगीताचा विषय यांच्या मिलाफातून 1950 च्या दशकात घडलेल्या गायनशैलीला ‘सोल’ म्हणतात. या शैलीत ग्लोरिया जोन्सने 1960 च्या दशकात गायिलेले ‘टेन्टेड लव्ह’ तेथे चालले नाही. पण उत्तर इंग्लंडमधील तरुणांनी अमेरिकेत पडलेल्या अशा तबकड्या हुडकून त्यांवर रात्र रात्र नाचण्याचा परिपाठ ठेवला, त्यात ते तगले, आणि 1981 साली ‘सॉफ्ट सेल’ या जोडीने नव्या वाद्यमेळासह तेच गायिले तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. वाद्यमेळ बदलला हे खरे, परंतु शब्द आणि चाल जुनीच होती.

झाडीपट्टीचे प्रकरण याहून ठळक आहे, कारण येथे श्रोत्यांची वाण कधीच नव्हती. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की मंडई, म्हणजे गावोगाव भरणारी जत्रा, सुरू होते. तिच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात आणि वडसा येथील नाट्यमंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात. या रंगभूमीवर गाणे प्रत्यक्ष गायिले जाते व प्रेक्षकांच्या दादेनुसार लांबते. दंडार या लोकनाट्यात मुख्य गायकाची ओळ साथीदार उचलतात आणि त्या देवघेवीतून गाणे चढत जाते. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे 3 मिनिटांची असे. त्या मापात हे गाणे मावणारे नव्हते. ज्या मोजणीत तबकडी आणि चित्रपट एवढेच धरले जातात, तिने या गाण्यांना अपयशी ठरवणे हा मोजणीचा दोष आहे.

या गाण्यांच्या चाली उसन्या आहेत, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. काही चाली उसन्या आहेतच. मात्र ‘संगीत स्वयंवर’ (1916) मधील पदांसाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला, त्याचा गौरव होतो. रे चार्ल्सने 1954 मध्ये भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बांधले, त्याला सोलचा आरंभ मानतात. पुण्याच्या रंगमंचावर जी प्रतिभा ठरते ती धानाच्या बांध्यांमधल्या रंगमंचावर नक्कल ठरावी, याला कलेच्या अंगाने कोणताही आधार नाही. चाल कोठून आली यापेक्षा गायकाने तिच्यात काय ओतले हे महत्त्वाचे, आणि पहाटेपर्यंत हजारोंना जागे ठेवणारा मोकळा, ताणलेला आवाज त्याची साक्ष देतो.

म्हणून सौंदड परिसरातील नाट्यमंडळांनी आपल्या फलकांवर नटांइतक्याच ठळकपणे गीतकार व गायकांची नावे छापावीत, आणि विदर्भातील विद्यापीठांनी व आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने ही गाणी प्रयोग चालू असताना, काटछाट न करता, ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.