वाचली, तर वाचेल लिपी

रमजानचा चांद दिसला की गल्लीच्या तोंडाशी शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. खाली नेत्यांचे चेहरे, मध्ये मिनार आणि वर उर्दूत ‘रमजान मुबारक’. मराठी वाचकाला ती अक्षरे शोभिवंत वाटतात. उर्दू जाणणारा मात्र कित्येकदा थबकतो. जोडून यायची अक्षरे सुटी उभी असतात. कधी तर उजवीकडून वाचायची ओळ डावीकडून मांडलेली असते. देवनागरीत ‘मुबारक’चे ‘करबामु’ छापले, तर गिऱ्हाईक फ्लेक्स तोंडावर फेकेल. उर्दूत तेच महिनाभर चौकात लटकते आणि कुणी हरकत घेत नाही. मला काळजी त्या हरकत न घेण्याची वाटते.

उर्दू ज्या वळणात लिहिली जाते त्याला नस्तालिक म्हणतात. हे वळण चौदाव्या शतकाच्या सुमारास इराणात घडले. नस्ख आणि तालीक या दोन शैलींच्या मेळातून त्याला नाव मिळाले. कुरआन शरीफ बहुधा नस्खमध्ये असते. तिथे अक्षरे एका सरळ रेषेवर बसतात. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून वर सुरू होतो आणि तिरका उतरत डावीकडे रेषेवर टेकतो. शेजारी कोण आहे ते पाहून प्रत्येक अक्षर आपला आकार बदलते. बोरूच्या टोकाने उमटणारा नुक्ता हे त्याचे माप. कोणते अक्षर किती नुक्त्यांचे, हे कातिब उस्तादाजवळ बसून वर्षानुवर्षे गिरवत असे.

अशी लिपी शिशाच्या खिळ्यांत कशी मावणार? प्रयत्न झाले, पण वाचकांना ते रूप रुचले नाही. म्हणून उर्दूने शिळाछाप आपलासा केला. कातिबाने हाताने लिहायचे आणि त्याचे लिखाण दगडावर उतरवून छापायचे. वर्तमानपत्रेही अशीच हाती लिहून निघत. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे 1927 साली सुरू झालेले दैनिक तर संगणकाच्या युगातही कातिबांच्या हातूनच लिहिले जात राहिले.

कोंडी फोडली अहमद मिर्झा जमील यांनी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला आणि फाळणीनंतर कराचीत स्थिरावलेला हा कलावंत. सुटी अक्षरे जुळवण्याऐवजी त्यांनी हजारो जोडाक्षरसमूह आधीच लिहून ठेवले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात ते बसवले. 1981 साली लाहोरच्या ‘जंग’ दैनिकात हा ‘नूरी नस्तालिक’ वापरात आला. पुढे नव्वदच्या दशकात दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’ने तो वळसेदार हात आपल्याकडच्या उर्दू छापखान्यांत पोहोचवला. आज मोबाइलवरही नस्तालिक फुकट मिळतो.

फॉन्टने कातिबांची रोजी हिरावली, हे खरे. पण त्यानेच हे वळण छापील पानावर टिकवले, हेही तितकेच खरे. मात्र प्रत्येक वळणाची आपली जागा असते. कविता, कथा, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, ईदचे कार्ड यांना नस्तालिकच शोभतो. छोट्या पडद्यावरच्या सूचना किंवा तक्ते यांना उभी जागा कमी लागते, तिथे नस्ख चालून जातो. पण मशिदीबाहेरच्या सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकात पाच तऱ्हेची नक्षीदार वळणे कोंबली, तर आजोबांना वेळच सापडत नाही. हस्ताक्षराचा फॉन्ट दागिन्यासारखा असतो, बेताने घालावा.

फ्लेक्सचा प्रश्न तसा सोपा आहे. अनेक दुकानांतल्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरला उर्दूची अक्षरे जोडता येत नाहीत. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नये. नस्तालिकमध्ये मांडून त्याचे चित्र किंवा पीडीएफ द्यावे, आणि छापण्यापूर्वी उर्दू येणाऱ्या एका माणसाला दाखवावे. इतकेच.

अवघड प्रश्न पुढचा आहे. तो दाखवून देणारा माणूस उद्या गल्लीत असेल का? माझे विद्यार्थी उर्दू बोलतात, शेर म्हणतात, पण एकमेकांना संदेश रोमन लिपीत पाठवतात. फॉन्ट त्यांच्या खिशात आहे, बोटांना मात्र तो लागत नाही.

याचा धडा मराठी माणसाला परका नाही. शतकानुशतके महाराष्ट्राचा कारभार मोडीत चालला. तीही बोरूने, हात न उचलता, झरझर लिहायची लिपी. गेल्या शतकाच्या मध्यावर ती शाळेतून गेली. 2014 साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, तिचे फॉन्टही झाले. तरीही दप्तरखान्यांतले रुमाल वाचणारा शोधावाच लागतो. फॉन्ट लिपीला रूप देतो, आयुष्य देत नाही. ‘वाचणे’ या एकाच शब्दात मराठीने दोन्ही अर्थ ठेवले आहेत. लिपी वाचली, तरच ती वाचते.

आपल्याकडे उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारतीची उर्दू पुस्तके आहेत. तेव्हा मोडीची गत उर्दूची व्हायलाच हवी असे नाही. रमजानमध्ये घरोघरी तिलावत होते, मुले नस्खची अक्षरे रोज डोळ्यांखालून घालतात. त्यातलीच दहा मिनिटे नस्तालिकला द्यावीत. नानी-दादीला यंदाची ईद मुबारक मुलांनी कागदावर, स्वतःच्या हाताने, उर्दूत लिहून द्यावी. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.