बी.कॉम.च का?



माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, यंदा बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. सीईटीही दिली आहे. तिला फूड टेक्नॉलॉजीला जायचं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात तो चार वर्षांचा बी.टेक. आहे. घरात मात्र दोन आठवडे एकच धोशा चाललाय, "एवढ्या लांब कशाला? बी.कॉम. कर, दुकानाचा जीएसटी तरी बघशील."

हे वाक्य मी 1977 साली, दहावीनंतर ऐकलंय. तेव्हा जीएसटीच्या जागी खतावणी होती एवढंच. मला विज्ञानात गोडी होती, पण कॉमर्सला घातलं. बी.कॉम. झाले, आणि दुकानाच्या वह्या मात्र मला कोणी कधी उघडून दाखवल्या नाहीत! कॉमर्स वाईट नाही हो. पण मुलीला न विचारता घातलेलं कॉमर्स वाईट.

माझ्या जाऊबाईंची हरकत वेगळी आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. त्या म्हणाल्या, "तिथं अंडी-मांसाचा पण विषय असतो." खरंच असतो. मांस, मासे, अंडी यांच्या प्रक्रियेचा पेपर या अभ्यासक्रमात येतो. यावर माझं म्हणणं असं, की ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजला फोन करून स्पष्ट विचारावं, की प्रात्यक्षिकात हात लावावा लागतो का, वाचून-लिहून भागतं का. उत्तर पटलं नाही तर केमिकल आहे, टेक्स्टाइल आहे. पण न विचारताच दार लावून घ्यायचं, हे मला पटत नाही. आमच्या वेळी बायोलॉजी म्हटलं की बेडूक कापणं आलंच, म्हणून कितीतरी मुली मागे फिरल्या. 2014 मध्ये यूजीसीने कॉलेजांतलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितलं. ज्यांना ते खुपलं त्यांनी आवाज उठवला म्हणूनच ना?

आणि हा विषय आपल्याला परका आहे का? पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हे आपल्याला सासूनं शिकवलं. दमट हवेत पीठ लवकर बिघडतं, हेच ती मुलगी आकड्यांत शिकणार. पदार्थातलं मोकळं पाणी मोजतात म्हणे. शुद्ध पाण्याला 1 धरलं तर 0.6 च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. आपले पापड-सांडगे वर्षभर टिकतात ते काही नुसत्या नशिबानं नाही!

शिवाय दुकानात चष्मा लावून पाकिटं वाचणाऱ्या आपणच. हिरवा ठिपका बघतो, मग बारीक अक्षरातले नंबर. ई 120 हा रंग किड्यांपासून करतात. ई 471 वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, नुसत्या नंबरावरून ते कळत नाही. हे तपासणाऱ्या लॅबमध्ये आपल्या घरातली, मर्यादा पाळून वाढलेली मुलगी बसली तर कोणाचं बिघडलं?

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र नातीनंच विचारला. "आज्जी, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये जंतू मुद्दाम वाढवतात, आणि काम झालं की ऑटोक्लेव्हमध्ये मारतात. मग मी काय करू?" ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. 121 डिग्री, पंधरा मिनिटं, दाब आपल्या शिट्टीच्या कुकरएवढा.

मी लगेच काही बोलले नाही. आपण पाणी गाळतो, जिवाणी पुन्हा विहिरीत सोडतो, आणि तेच पाणी नंतर उकळतोही. उकळताना जीव जातात हे आपल्याला ठाऊक आहे. पुढची उत्पत्ती थांबावी म्हणून आपण ते करतो, पण ठाऊक असतंच. मी तिला म्हटलं, "बाळा, घरात बसून मीही यातून सुटले नाही. ज्या वाढवायच्या त्या कमीत कमी वाढव, आणि मन घट्ट होऊ देऊ नकोस. पटलं नाहीच, तर सोडून ये, मी तुझ्या बाजूनं बोलेन." महाराजांनाही विचारणार आहे. पण जी मुलगी हा प्रश्न स्वतः विचारते, तिच्या संस्काराची काळजी आपण कशाला करायची?

फीचं म्हणाल तर आपल्याला जानेवारी 2014 पासून केंद्राचा अल्पसंख्याक दर्जा आहे. शिष्यवृत्तीची चौकशी वेळेत करा. दाखल्यांसाठी शेवटच्या दिवशी धावपळ नको, तो अनुभव घेऊन झालाय!

ऑप्शन फॉर्म अजून भरलेला नाही. पण काल रात्री जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, त्या हॉस्टेलच्या मेसमध्ये सूर्यास्ताआधी जेवण देतात का, तेवढं विचारून ठेव."