भुयारी स्थानकाचें तोंड

आपल्या जालना जिल्ह्यांत भुयारी आगगाडी नाहीं. तरी ह्या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले. कारण आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले पुष्कळ विद्यार्थी पोटापाण्यासाठीं मुंबईस जातात, आणि त्यांतले कांहीं स्थापत्यशास्त्रहि शिकतात.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो. लांबी सुमारें ३३ किलोमीटर, स्थानकें २७ आणि त्यांपैकीं २६ भूमीखालीं. खर्च सुमारें ३७ हजार कोटी रुपये. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्यें, व शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्यें खुला झाला. भुयार यंत्रानें कोरतां येतें. स्थानकाचें तसें नाहीं. बहुतेक ठिकाणीं रस्ता उघडून, कडेनें काँक्रीटचे खांब एकमेकांस भिडवून भिंत करावी लागते, व मग आंतील माती आणि काळा पाषाण काढीत खालीं उतरावें लागतें. गिरगांव-काळबादेवीस तर कित्येक कुटुंबांस जुन्या चाळींतील राहतीं घरें सोडावीं लागलीं. त्यांस त्याच भागांत नवीं घरें देण्याचें ठरलें. माझ्या मतें, नकाशावर पहिली रेघ ह्या घरांची असावी, रुळांची मागाहून.

परंतु मला विशेष बोलावयाचें आहे तें दाराविषयीं. वरळीजवळील आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ रोजीं लोकांसाठीं उघडलें. सोळा दिवसांनीं, २६ मे रोजीं, मुंबईंत मोसमी पाऊस नित्यापेक्षां पंधरवडाभर आधींच येऊन कोसळला. एका दाराचें बांधकाम अपुरें होतें. तेथें पाणी अडविणारी भिंत पडली, आणि चिखलाचा लोंढा थेट फलाटावर गेला.

आपल्याकडे विहीर खणणारा पाषाणास भीत नाहीं, वरच्या मऊ मातीस भितो. ती दगडांनीं बांधून काढल्यावांचून तो पावसाळ्यास तोंड देत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांतहि, नवें घर बांधणारानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर पडणाराच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो, असें सांगितलें आहे. पावसाळा तोंडावर असतां ज्याचें एकहि दार अपुरें आहे, असें स्थानक उघडूं नये.

कोणी म्हणेल, लोकलच्या दारास लोंबकळून दरवर्षीं माणसें मरतात. तेव्हां एका दारासाठीं गाडी थांबवावी काय? हा आक्षेप हलका नाहीं. पण पाणी शिरल्यावर गाड्या अलीकडच्या वरळी स्थानकापर्यंत धांवतच होत्या! पावसाळा सरेपर्यंत तशाच धांवल्या असत्या, तर कोणाची फारशी गैरसोय झाली नसती.

ज्यांच्या गांवीं रुळांखालून रस्ता काढला आहे, त्या मुलांनीं यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसांत तेथें पाणी किती चढतें व कोणत्या बाजूनें येतें हें दुरून पाहून टिपून ठेवावें. पुढील वर्षींच्या अंकांत आपण तीं टिपणें छापूं.